खाणकंपन्यांची रोकड: किती राखावी, कोणासाठी राखावी

प्रश्न काय आहे

वणी किंवा चंद्रपूर परिसरातल्या एखाद्या खुल्या कोळसा खाणीत पैसा कसा फिरतो ते आधी पाहू. जमीन संपादित होते, प्रकल्पग्रस्तांना मोबदला आणि नोकऱ्या द्याव्या लागतात. मग कोळशावरची माती आणि खडक, ज्याला खाणीत सगळे ‘ओबी’ म्हणतात, ती उपसण्याचे काम सुरू होते. डंपर, डिझेल, स्फोटके, कंत्राटदारांची बिले, कामगारांचे पगार हा सगळा खर्च रोखीचा आणि तारखेला बांधलेला. कोळसा हाती लागायला महिने जातात, कधी वर्षेही. तो निघाला की रेल्वेच्या रेकने महानिर्मितीच्या वीजकेंद्रात पोचतो, त्याची वीज होते, ती महावितरणकडे जाते आणि ग्राहकांच्या व कृषिपंपांच्या थकबाकीत अडकलेला पैसा उलट्या वाटेने हळूहळू वेस्टर्न कोलफिल्ड्सपर्यंत, म्हणजे वेकोलिपर्यंत येतो. तोवर वेकोलिच्या हिशेबात विक्री नोंदलेली असते, नफाही दिसत असतो. पगाराच्या दिवशी मात्र बँकेत काय आहे तेवढेच उपयोगाचे.

आलेले देणे वेळेवर आणि मालमत्ता पडत्या भावात न विकता फेडता येणे, ही आर्थिक तरलता. हातातली रोकड, मुदत ठेवी, चटकन विकता येणारे रोखे आणि बँकांनी मंजूर केलेली पण न उचललेली कर्जमर्यादा हे तिचे घटक. प्रत्येक उद्योगाला तिची गरज असते, पण खाणीची अडचण निराळी आहे. मालाचा भाव सहसा खाणकंपनी ठरवत नाही. भाव पडला म्हणून खाण बंद ठेवली तरी पाणी उपसावे लागते, भूमिगत खाणीत हवा खेळती ठेवावी लागते, सुरक्षारक्षक लागतात. गुंतवणूक आधी करायची आणि परतावा दहा-पंधरा वर्षांनी मिळवायचा. खनिज संपले की उत्पन्न थांबते आणि खड्डा, ढिगारे, दूषित पाणी यांचा खर्च मात्र तेव्हाच सुरू होतो.

म्हणून खाणकंपनीने तेजीत साठलेली रोकड वाटून टाकावी की राखून ठेवावी, यावर अर्थतज्ज्ञ, भागधारक, सरकारे आणि आता न्यायालयेही गेली काही दशके बोलत आहेत. ही चर्चा आज कुठे पोचली आहे ते इथे पाहायचे आहे.

पार्श्वभूमी

माणसे आणि संस्था रोकड का बाळगतात याची कारणे अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ मध्ये मांडली होती: रोजचे व्यवहार, अडीअडचणीची तरतूद आणि संधीची वाट पाहणे. मायकेल जेन्सन यांनी १९८६ मध्ये उलट बाजू दाखवली. फायदेशीर प्रकल्पांना लागते त्याहून जास्त रोकड व्यवस्थापकांच्या हाती राहिली की ती साम्राज्यविस्तारात उधळली जाते, असे त्यांचे म्हणणे होते. यासाठी त्यांनी मुख्य उदाहरण घेतले ते जमिनीतून संपत्ती उपसणाऱ्या अमेरिकी तेलउद्योगाचे. पुढे १९९९ मध्ये ऑप्लर, पिंकोविट्झ, स्टल्झ आणि विल्यमसन यांच्या अभ्यासात दिसले की ज्यांच्या उत्पन्नात चढउतार जास्त, त्या कंपन्या जास्त रोकड बाळगतात. या निकषावर खाणकंपन्यांकडे भरपूर रोकड असायला हवी. गेल्या वीस वर्षांत तसे नेहमी दिसलेले नाही.

२००३ नंतर चीनच्या मागणीने धातूंचे भाव वर गेले. रिओ टिंटो या बड्या खाणकंपनीने २००७ मध्ये ३८ अब्ज डॉलर मोजून कॅनडाची अ‍ॅल्युमिनियम कंपनी अल्कन घेतली, तीही प्रामुख्याने कर्जावर. वर्षभरात जागतिक मंदी आली. २००९ मध्ये चिनाल्को या चिनी सरकारी कंपनीशी ठरलेला साडेएकोणीस अब्ज डॉलरचा गुंतवणूक करार मोडला आणि रिओ टिंटोला आपल्याच भागधारकांकडून १५.२ अब्ज डॉलर उभे करावे लागले. याच कंपनीने २०११ मध्ये मोझांबिकमधल्या कोळशासाठी रिव्हर्सडेल ही कंपनी साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतली आणि तिथली मालमत्ता २०१४ मध्ये अवघ्या पाच कोटी डॉलरना विकली.

खरी कसोटी लागली २०१५ मध्ये. २०११ मध्ये टनामागे १९० डॉलरच्या आसपास गेलेले लोहखनिज २०१५ च्या डिसेंबरात ४० डॉलरच्या खाली आले. ग्लेनकोरवर तेव्हा सुमारे ३० अब्ज डॉलरचे निव्वळ कर्ज होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने कर्ज सुमारे १० अब्ज डॉलरने कमी करण्याचा आराखडा जाहीर केला, लाभांश थांबवला आणि नवे समभाग विकून अडीच अब्ज डॉलर उभे केले. तरीही भाव असेच पडलेले राहिले तर भागधारकांच्या हाती काही उरणार नाही, अशा अर्थाचे एका दलाली संस्थेचे टिपण आले आणि २८ सप्टेंबरच्या एका दिवसात समभाग २९ टक्क्यांच्या आसपास कोसळला. आपली तरलता चांगली आहे, देणी भागवण्याची कसलीच अडचण नाही, असा खुलासा कंपनीला दुसऱ्या दिवशी करावा लागला. ग्लेनकोर खाणी चालवते तसाच धातू-कोळशाचा व्यापारही करते आणि हा व्यापार बँकांच्या अल्पमुदतीच्या पतीवर उभा असतो. पत घटण्याच्या नुसत्या शंकेने रोकड आटू शकते हे त्या दिवशी जगाने पाहिले. त्याच वर्षअखेरीस अँग्लो अमेरिकननेही लाभांश थांबवला, आणि वर्षानुवर्षे लाभांश कमी न करण्याचे धोरण पाळणाऱ्या बीएचपीने फेब्रुवारी २०१६ मध्ये ते सोडून दिले.

वाटून टाका म्हणणारे

पहिली बाजू भागधारकांची, विशेषतः मोठ्या गुंतवणूक संस्थांची. त्यांचा युक्तिवाद अल्कन आणि रिव्हर्सडेलच्या अनुभवावर उभा आहे. रोकड साठली की संचालक मंडळ तेजीच्या शिखरावर महागड्या खरेदीला निघते. म्हणून नफ्यातला ठरावीक हिस्सा आपोआप भागधारकांकडे गेला पाहिजे आणि नव्या खाणीसाठी पैसे हवे असतील तेव्हा कंपनीने बाजारात येऊन ते का हवेत हे पटवून द्यावे. बीएचपीने २०१६ नंतर नफ्याच्या किमान निम्मा भाग लाभांश म्हणून द्यायचे धोरण घेतले. लाभांश भावाबरोबर वर-खाली होईल हे त्यात गृहीत धरलेले आहे. इतर मोठ्या कंपन्यांनीही याच धर्तीवर नियम केले. २०२१ च्या तेजीत त्यांनी विक्रमी लाभांश दिले आणि २००७ सारख्या खरेद्या तेव्हा फारशा झाल्या नाहीत, हे या बाजूच्या पारड्यात टाकावे लागते.

राखून ठेवा म्हणणारे

दुसरी बाजू म्हणते, भावातला चढउतार हा जोखमीचा एक भाग झाला. त्याशिवाय एका रात्रीत अंगावर येणारी संकटे असतात, आणि त्यांच्या काळात बाजारातून पैसे उभारणे सर्वांत महाग पडते.

ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्यो इथला व्हाले या खाणकंपनीचा गाळबंधारा २५ जानेवारी २०१९ रोजी फुटला. २७० माणसे गेली. काही दिवसांतच न्यायालयांनी कंपनीचे सुमारे ११ अब्ज रियाल गोठवले आणि लाभांश थांबला. २०२१ मध्ये झालेला समझोता ३७.७ अब्ज रियालचा होता. व्हाले हे पेलू शकली ती आकाराने प्रचंड असल्यामुळे. मध्यम आकाराच्या कंपनीचे काय होते हे पनामात दिसले. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कोब्रे पनामा तांबेखाणीचा करार घटनाबाह्य ठरवला आणि खाण बंद पडली. ती चालवणाऱ्या फर्स्ट क्वांटम कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा आधार गेला, कर्जाच्या तारखा मात्र तशाच राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने नवे समभाग विकले, १.६ अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढले आणि जियांग्शी कॉपर या चिनी कंपनीकडून पुढे द्यायच्या तांब्यापोटी ५० कोटी डॉलर आगाऊ घेतले. कंपनी तगली, पण जुन्या भागधारकांचा वाटा पातळ झाला.

या बाजूचा दुसरा मुद्दा संधीचा आहे. खाणी स्वस्त मिळतात त्या मंदीत, आणि तेव्हा खरेदी करता येते ती रोकड असणाऱ्यालाच. पण तेजीत वाटप आणि मंदीत भांडवलउभारणी हेच चक्र चालू राहिले तर कंपनी आपले समभाग स्वस्तात विकत राहते. मला हा युक्तिवाद वजनदार वाटतो. संचालकांच्या हाती ठेवलेली रोकड मंदीची वाट पाहील याची हमी मात्र त्यातून मिळत नाही.

छोट्या शोधकंपन्यांना ही निवडच नसते. त्यांना विक्रीचे उत्पन्न नसते, समभाग विकून आणलेल्या पैशावर त्या ड्रिलिंग करतात. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने यावर साधा उपाय केला आहे. अशा कंपनीला दर तिमाहीला सांगावे लागते की आताच्या वेगाने खर्च होत राहिला तर हातातला पैसा किती तिमाही पुरेल. उत्तर दोनपेक्षा कमी आले तर पुढे काय करणार याचा खुलासा द्यावा लागतो. आपल्याकडे नव्या खनिजांच्या शोधात खासगी कंपन्यांना आणायचे चालले आहे, त्यांच्यासाठी हा नमुना घेण्यासारखा आहे.

मालक सरकार असेल तर

भारतात या वादाला तिसरा कोन आहे, कारण मोठ्या खाणकंपन्यांचा मोठा भागधारक सरकारच आहे. मार्च २०१३ मध्ये वेकोलिची मूळ कंपनी असलेल्या कोल इंडियाकडे ६० हजार कोटींहून अधिक रोकड होती. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने समभागामागे २९ रुपये अंतरिम लाभांश दिला, एकूण १८,३१७ कोटी. सरकारकडे तेव्हा सुमारे ९० टक्के समभाग होते आणि आर्थिक वर्षअखेरीची वित्तीय तूट डोक्यावर होती. त्यामुळे हा निर्णय कंपनीच्या गरजेतून झाला की तिजोरीच्या, ही चर्चा तेव्हापासून सुरू आहे.

मे २०१६ मध्ये केंद्राने सार्वजनिक उपक्रमांसाठी नियम बांधला: करोत्तर नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मत्तेच्या ५ टक्के, यांपैकी जास्त असेल तेवढा लाभांश द्यायचा. नक्त मत्ता २,००० कोटी आणि रोकड १,००० कोटींच्या वर असेल तर समभागांची पुनर्खरेदीही करायची. पुढच्या काळात कोल इंडिया, एनएमडीसी, मॉयल यांच्या पुनर्खरेद्या एकामागून एक आल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये हे निकष सैल झाले. लाभांशाची अट नक्त मत्तेच्या ४ टक्क्यांवर आली, आणि पुनर्खरेदीसाठी ३,००० कोटी नक्त मत्ता व १,५०० कोटी रोकड यांबरोबर समभागाचा बाजारभाव सहा महिने पुस्तकी मूल्याखाली असण्याची अट आली.

सरकारचे म्हणणे समजण्यासारखे आहे. खनिज जनतेचे, कंपनी जनतेची, मग मुदत ठेवीत पडून असलेला पैसा रस्ते-रुग्णालयांत का जाऊ नये? विरोधी बाजू नागपूरच्या मॉयलचे उदाहरण देते. नागपूर, भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांत मँगनीज काढणारी ही कर्जमुक्त कंपनी. तिची पहिली पुनर्खरेदी ८६३ कोटींची होती. भूमिगत मँगनीज खाणीत खोल जायचे तर नवा उभा शाफ्ट खोदावा लागतो, त्याला वर्षे लागतात आणि त्या काळात त्यातून उत्पन्न शून्य. एकच नियम विमान कंपनीलाही आणि शाफ्ट खोदणाऱ्या खाणीलाही लावणे मला चुकीचे वाटते. मात्र मॉयलचे शाफ्ट पैशाअभावी अडले असे म्हणायला आधार नाही, हेही नोंदवले पाहिजे.

मालक कर्जात असेल तर

हिंदुस्तान झिंकचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. बहुमत वेदांत समूहाकडे; २०२४ पर्यंत २९.५४ टक्के समभाग केंद्राकडे होते. २०१६ च्या सुरुवातीला कंपनीकडे ३५ हजार कोटींच्या आसपास रोकड होती, तेव्हा समभागामागे २४ रुपयांचा विशेष लाभांश निघाला. २०२२-२३ मध्ये ७५.५० रुपये, म्हणजे एकूण सुमारे ३२ हजार कोटी वाटले गेले. त्या वर्षीचा नफा होता साडेदहा हजार कोटींच्या आसपास. वर्षानुवर्षे रोकडीवर बसलेल्या कंपनीच्या डोक्यावर निव्वळ कर्ज आले. त्याच काळात, जानेवारी २०२३ मध्ये, वेदांतच्या परदेशी जस्त खाणी हिंदुस्तान झिंकने जवळपास तीन अब्ज डॉलरना विकत घ्याव्यात असा प्रस्ताव आला. केंद्राने भागधारक म्हणून त्याला विरोध केला आणि तो बारगळला.

टीकाकार म्हणतात, मूळ कंपनीचे कर्ज फेडण्यासाठी उपकंपनीची तिजोरी रिकामी होते आणि लहान भागधारकाला त्यावर काही बोलता येत नाही. कंपनीची बाजू अशी की लाभांश सर्वांना समान दराने मिळतो, सरकारलाही त्यातून हजारो कोटी मिळाले, आणि राजस्थानातल्या जगातल्या आघाडीच्या जस्त खाणी नवी रोकड सतत निर्माण करतात. दोन्ही विधाने खरी आहेत. लाभांशाला कायद्याची हरकत नाही आणि सरकारने तो नाकारलाही नाही, परंतु खरेदीचा प्रस्ताव मात्र रोखला. म्हणजे समान वाटप आणि संबंधित पक्षाला दिलेला मोबदला यांत फरक करायचा, ही रेघ निदान त्या प्रकरणात आखली गेली.

अडकलेला पैसा

तरलतेच्या चर्चेत रोकडीवर जितके बोलले जाते तितके येण्यांवर बोलले जात नाही. २०२० मध्ये वीजकंपन्यांकडची कोल इंडियाची थकबाकी २० हजार कोटींच्या वर गेली होती. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळसाटंचाईची ओरड होती, तेव्हा थकबाकीदारांच्या यादीत महानिर्मिती सर्वांत वर होती, २,६०० कोटींच्या आसपास. सरकारी कोळसा कंपनी सरकारी वीजकंपनीचा पुरवठा सहसा तोडत नाही, त्यामुळे वीजदराच्या राजकारणाचा भार अखेर खाणीच्या खेळत्या भांडवलावर येतो.

गोव्यात वेगळाच अनुभव आला. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चपासून काम पुन्हा थांबले. मोठ्या कंपन्यांकडे इतर राज्यांतले, इतर धंद्यांतले पैसे होते. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागात कर्जाने ट्रक घेतलेल्यांकडे आणि मांडवी-जुवारीतून मुरगावला माल नेणाऱ्या बार्जमालकांकडे राखीव असे काहीच नव्हते. धंदा थांबला आणि हप्ते चालू राहिले. त्यांची कर्जे निवारण्यासाठी राज्याला योजना आणावी लागली. कंपनीच्या ताळेबंदातली तरलता मोजताना तिच्यावर उभी असलेली ही साखळी आपण मोजतच नाही. मला ही या सगळ्या चर्चेतली सर्वांत मोठी त्रुटी वाटते.

आता एक मोठे देणे समोर आहे. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला की स्वामित्वधन हा कर नव्हे आणि राज्यांना खनिज हक्कांवर कर लावता येतो. ऑगस्टमध्ये न्यायालयाने १ एप्रिल २००५ पासूनची मागणी राज्यांना करू दिली, पण वसुली १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत. कोणत्या राज्यात हा बोजा किती पडेल हे त्या त्या राज्याच्या कायद्यावर ठरेल. लिलावात १०० टक्क्यांहून अधिक अधिमूल्याची बोली लावून ओडिशातल्या लोहखाणी घेतलेल्यांचे गणित आधीच ताणलेले आहे. हे अधिमूल्य नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोने जाहीर केलेल्या सरासरी विक्रीमूल्यावर मोजले जाते, प्रत्यक्ष हाती आलेल्या पैशावर नाही.

खाण संपल्यावरचा दावेदार

चौथी बाजू अलीकडे पुढे आली आहे. तिच्या मते कंपनीकडची सगळी रोकड कंपनीची नसतेच. तिचा काही भाग खड्डा बुजवण्याचा आहे, काही पुढच्या पिढीचा. अमेरिकेत पीबडी ही मोठी कोळसा कंपनी एप्रिल २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. तेव्हा जमीन पूर्ववत करण्याची तिची एक अब्ज डॉलरहून अधिक जबाबदारी ‘आमची ऐपत आहे’ एवढ्या स्वतःच्याच हमीवर उभी होती. वेगळा पैसा ठेवलेला नव्हता.

भारतात कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणबंदीसाठी एस्क्रो खाते सक्तीचे केले. खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख, भूमिगत खाणीला १ लाख. २०२० मध्ये हे दर ९ लाख आणि दीड लाख झाले. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा २०१५ चा निधी आणि गोव्यात २०१४ च्या निकालाने आलेला, विक्रीमूल्याच्या दहा टक्क्यांचा लोहखनिज कायम निधी हे याच विचाराचे पुढचे टप्पे. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेची भूमिका त्याहून पुढची आहे. खनिज हा वारसा असल्यामुळे खर्च आणि रास्त नफा वजा जाता उरणारे सगळे मूल्य कायम निधीत गेले पाहिजे, असे ती मानते. उद्योगाचे उत्तर असे की स्वामित्वधन, अधिमूल्य, प्रतिष्ठान, एस्क्रो अशी प्रत्येक कपात आधी आणि रोखीत होते, भाव पडला तरी टळत नाही, आणि मंदीत त्यामुळेच खाणी बंद पडतात.

न सुटलेले

काही गोष्टींवर आता फारसे दुमत उरलेले नाही. तेजीच्या शिखरावर कर्ज काढून खरेदी करणे घातक ठरले आहे, लाभांश भावाबरोबर हलू देणे शहाणपणाचे आहे, आणि न उचललेली कर्जमर्यादा नेमकी गरजेच्या वेळी आटू शकते.

पुढचे प्रश्न मोकळे आहेत. खाणबंदीची आणि अपघाताची तरतूद वगळल्यावर उरते ती खरी मोकळी रोकड किती, हे मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही. हेक्टरी ठरावीक दर दीडशे मीटर खोल खड्ड्याला आणि पन्नास मीटरच्या खड्ड्याला सारखाच पुरेल का? सरकार एकाच वेळी भागधारक, करवसुलीदार, नियामक आणि थकबाकीदार ग्राहक असेल, तर कंपनीच्या तरलतेची काळजी कोणत्या खात्याने घ्यायची?

एक गोष्ट मात्र नवा कायदा न करता, आजच करता येण्यासारखी आहे. वेकोलिच्या प्रत्येक खाणीच्या एस्क्रो खात्यात किती रक्कम जमा झाली, त्यातली किती परत काढली आणि त्या पैशातून कोणते काम झाले, हा तपशील खाणनिहाय, मराठीतून, त्या खाणीच्या हद्दीतल्या ग्रामपंचायतींच्या फलकावर दरवर्षी लावावा. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतल्या ग्रामसभांनी तो मागावा.